तीन सर्व्हिस, तीन तऱ्हेच्या एरर: एपीआयचे रिस्पॉन्स एका साच्यात कसे आणायचे?

प्रश्न: खातेवही_डेव्ह

नमस्कार मंडळी,

पतसंस्थांच्या पिग्मी म्हणजे दैनंदिन ठेव वसुलीचं सॉफ्टवेअर आहे. मागे तीन सर्व्हिस आहेत. खाती आणि व्यवहार स्प्रिंग बूट ३.२ वर, अहवाल फास्टएपीआयवर, नोटिफिकेशन एक्सप्रेस ४ वर. तिन्हींच्या पुढे एनजिनएक्स (विनंत्या योग्य सर्व्हिसकडे पोचवणारा सर्व्हर). क्लायंट दोन आहेत: एजंटांच्या फोनमधलं अँड्रॉइड अॅप (कोटलिन भाषेत, सर्व्हरशी बोलायला रेट्रोफिट लायब्ररी) आणि शाखेत उघडणारं रिअॅक्टचं पान.

सध्या रिस्पॉन्स असे येतात. स्प्रिंगवाली सर्व्हिस काहीही झालं तरी स्टेटस कोड २०० (म्हणजे 'सगळं ठीक') देते आणि बॉडीत 'सक्सेस', 'मेसेज', 'डेटा' अशा तीन की (मूल्यांची नावं) असतात. फास्टएपीआयमध्ये व्हॅलिडेशन चुकलं तर ४२२ येतो आणि 'डीटेल' या कीमध्ये यादी असते. पण कोडमधून मुद्दाम फेकलेल्या एररला त्याच 'डीटेल'मध्ये साधी ओळ असते. एक्सप्रेसवर पत्ता चुकला की सरळ एचटीएमएल पान. अँड्रॉइडच्या बाजूला एरर वाचायला तीन वेगळे पार्सर झालेत आणि तरीही काही एरर कुठल्याच पार्सरमध्ये बसत नाहीत.

विचारायचं ते असं:

१. '२०० आणि सक्सेस फॉल्स' ही पद्धत तिन्हीकडे लावावी, की मोडून काढावी?
२. एररचा साचा स्वतः ठरवावा की एखादं प्रमाण घ्यावं?
३. यशस्वी रिस्पॉन्सलाही 'डेटा'चं आवरण हवं का?
४. एजंटांच्या फोनवर जुनी अॅप आहेत, ती न तोडता हे कसं करायचं?

---

उत्तर १: कवडसा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठाम आहे: मोडून काढा. तुमच्या आणि क्लायंटच्या मध्ये बसलेलं कुणीही बॉडी वाचत नाही. एनजिनएक्सचा लॉग, लोड बॅलन्सर, कॅशे, मॉनिटरिंगचे अलार्म, क्लायंटची रिट्राय लायब्ररी हे सगळे फक्त स्टेटस कोड पाहतात. सकाळी नऊला डेटाबेस बंद पडला आणि तुमच्या सर्व्हिसने २०० दिले, तर आलेखावर सगळं हिरवं दिसेल. शिवाय २०० हा कोड एचटीटीपीच्या नियमाप्रमाणे कॅशे करण्याजोगा आहे. 'सक्सेस फॉल्स' वाली बॉडी एखाद्या कॅशेने ठेवून घेतली तर मूळ अडचण संपल्यावरही तीच एरर परत दिली जाते.

कोड मोजकेच घ्या, पण त्यांचा अर्थ तिन्ही सर्व्हिसमध्ये एकच ठेवा. मी अशी विभागणी करेन: जेसनच (डेटा पाठवायचं मजकुराचं रूप) तुटलेलं असेल तर ४००. टोकन (लॉगिनची खूण) नाही किंवा संपलंय तर ४०१. टोकन बरोबर आहे पण अधिकार नाही तर ४०३. वस्तू सापडली नाही तर ४०४. एकाच नोंदीवर दोघांनी एकदम हात घातला तर ४०९. जेसन नीट आहे पण आतली मूल्यं किंवा व्यवहाराचे नियम मोडतात तर ४२२. विनंत्यांची मर्यादा ओलांडली तर ४२९, सोबत 'रिट्राय-आफ्टर' हेडर. आपलीच चूक असेल तर ५००, तात्पुरतं बंद असेल तर ५०३.

इथे दोन ठिकाणी फ्रेमवर्क आपापल्या वाटेने जातात. व्हॅलिडेशन चुकल्यावर स्प्रिंग स्वतःहून ४०० देतो, फास्टएपीआय ४२२. आणि फास्टएपीआय तुटक्या जेसनलाही ४२२ च देतो, तिथे एररचा प्रकार 'जेसन_इनव्हॅलिड' असा येतो. म्हणजे दोन्हीकडे हँडलर लिहून कोड जुळवून घ्यावा लागतो, नुसता साचा एक करून भागत नाही.

४०१ आणि ४०३ ची गल्लत खास जपा. अँड्रॉइडवर ओकेएचटीटीपीचा (रेट्रोफिटच्या खालची नेटवर्क लायब्ररी) 'ऑथेंटिकेटर' ४०१ आला की आपोआप जागा होतो आणि नवं टोकन आणून तीच विनंती पुन्हा पाठवतो. अधिकार नसल्याबद्दल तुम्ही ४०१ दिलात तर नवं टोकन आणूनही ४०१ च येणार. ऑथेंटिकेटरमध्ये 'आधी एकदा प्रयत्न झालाय का' ही तपासणी नसेल तर हा फेरा २० वेळा होतो आणि मग लायब्ररीच एक्सेप्शन फेकते. ४०१ सोबत 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट' हेडर देणंही प्रमाणाने बंधनकारक आहे.

आता साचा. स्वतः काही बनवू नका. आरएफसी (इंटरनेटच्या प्रमाणांचे दस्तऐवज) ९४५७ वापरा. जुलै २०२३ मध्ये ते आलं आणि त्याने २०१६ च्या आरएफसी ७८०७ ची जागा घेतली. जुन्या लेखांत ७८०७ हा आकडा दिसेल, पाच मूळ फील्ड दोन्हीकडे तीच आहेत:

'टाइप': एररच्या प्रकाराची कायमची ओळख, यूआरआयच्या रूपात. उदाहरणार्थ तुमच्या डोमेनखाली '/एरर्स/शिल्लक-अपुरी'.
'टायटल': त्या प्रकाराचं छोटं नाव. एकाच प्रकारासाठी दर वेळी बदलत नाही, भाषेप्रमाणे बदललं तर चालतं.
'स्टेटस': एचटीटीपीचाच कोड, पुन्हा बॉडीत.
'डीटेल': या वेळी नेमकं काय झालं ते माणसाला कळेल असं वाक्य.
'इन्स्टन्स': या एका घटनेची ओळख.

कंटेंट टाइप मात्र 'अॅप्लिकेशन/प्रॉब्लेम+जेसन' द्यायचा, साधा जेसनचा नाही. याखेरीज स्वतःच्या की जोडायला पूर्ण मुभा आहे. क्लायंटने न ओळखता येणाऱ्या की दुर्लक्षित करायच्या, हे प्रमाणातच लिहिलंय, त्यामुळे पुढे नवी की जोडली तर जुना क्लायंट तुटत नाही.

क्लायंटने निर्णय 'टाइप'वर घ्यायचा. 'डीटेल'मधला मजकूर तपासून निर्णय घेणारी एकही 'इफ' अॅपमध्ये राहू देऊ नका. कुणीतरी वाक्यातलं एक अक्षर सुधारलं की ती मोडते, आणि ती मोडली हे सर्व्हरवाल्यांना कळतही नाही.

शिल्लक अपुरी असण्याला कोड कोणता, हा वाद नेहमी होतो. आरएफसीमधल्या उदाहरणात अशा प्रसंगी ४०३ दाखवलाय. तरी तुमच्याकडे ४२२ ठेवा. बहुतेक अॅपमध्ये ४०३ म्हणजे 'अधिकार नाही'चा पडदा, आणि एजंटाला तो दिसला तर तो शाखेत फोन करून लॉगिनबद्दल विचारणार.

व्हॅलिडेशनच्या चुका एकदम द्या, एकेक करून नको. त्यासाठी 'एरर्स' नावाची यादी जोडा. प्रत्येक नोंदीत 'डीटेल' आणि 'पॉइंटर'. पॉइंटर म्हणजे चुकलेलं फील्ड नेमकं कुठे आहे ते, जेसन पॉइंटरच्या रूपात: '#/वारसदार/०/वय'. स्प्रिंगमध्ये फील्डचं नाव 'वारसदार[०].वय' असं मिळतं, ते बदलून घ्यावं लागतं. फास्टएपीआयमध्ये 'लोक' (लोकेशन) नावाची यादी मिळते, तिचा पहिला घटक 'बॉडी' असतो, तो काढून बाकीचे तिरप्या रेघेने जोडायचे. तो पहिला घटक 'क्वेरी' किंवा 'पाथ' असेल तर पॉइंटर देऊ नका, 'पॅरामीटर' अशी वेगळी की द्या. पॉइंटर बॉडीतल्या जागेसाठीच असतो.

---

उत्तर २: तिसरी_घंटा

कवडसा यांनी सांगितलेला साचा घ्याच. पण साचा ठरवायला एक दुपार पुरते. खरं काम आहे ते त्या साच्याला वळसा घालून बाहेर पडणारे रिस्पॉन्स पकडणं. तुमच्या अँड्रॉइडला 'कुठल्याच पार्सरमध्ये न बसणाऱ्या' एरर येतात, त्या बहुतेक याच वाटांनी येत असणार. एकेक वाट सांगतो.

स्प्रिंग. स्प्रिंग ६ पासून 'प्रॉब्लेमडीटेल' हा क्लास फ्रेमवर्कमध्येच आहे. 'रेस्टकंट्रोलरअॅडव्हाइस' लावलेला एक क्लास लिहा आणि तो 'रिस्पॉन्सएंटिटीएक्सेप्शनहँडलर'पासून वाढवा, म्हणजे स्प्रिंगच्या स्वतःच्या एररही साच्यात येतात. चुकीच्या पत्त्याचा ४०४ सुद्धा ३.२ मध्ये यातूनच जातो, कारण तिथे तो एक्सेप्शन म्हणून फेकला जातो.

पण हा अॅडव्हाइस कंट्रोलरपर्यंत पोचलेल्या विनंत्यांपुरताच आहे. स्प्रिंग सिक्युरिटी त्याआधी फिल्टरमध्ये चालते. टोकन चुकलं तर विनंती कंट्रोलरपर्यंत जातच नाही, आणि तुमचा सुंदर हँडलर तिथे असून नसल्यासारखा. त्यासाठी 'ऑथेंटिकेशनएंट्रीपॉइंट' (४०१ साठी) आणि 'अॅक्सेसडिनाइडहँडलर' (४०३ साठी) वेगळे लिहावे लागतात. त्यातून 'हँडलरएक्सेप्शनरिझॉल्व्हर'कडे एक्सेप्शन सोपवलं की तोच अॅडव्हाइस वापरता येतो. हाच सगळ्यात स्वच्छ मार्ग.

हाताने लिहायचं ठरवलंत तर दोन खड्डे आहेत. एक, 'ऑब्जेक्टमॅपर' नवा बनवू नका, स्प्रिंगने दिलेलाच इंजेक्ट करा. प्रॉब्लेमडीटेलमध्ये जोडलेल्या तुमच्या की सर्वात वरच्या पातळीवर याव्यात ही सोय स्प्रिंगच्या मॅपरमध्ये असते. नव्या मॅपरने त्याच की 'प्रॉपर्टीज' नावाच्या आतल्या ऑब्जेक्टमध्ये जातात, म्हणजे ४०१ चा साचा बाकीच्यांपेक्षा वेगळा. दोन, रायटर घेण्याआधी कॅरेक्टर एन्कोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट सेट करा. सर्व्हलेटचं मूळ एन्कोडिंग आयएसओ-८८५९-१ आहे, त्यात देवनागरी मजकुराची नुसती प्रश्नचिन्हं होतात.

उलट बाजूची चूकही होते. अॅडव्हाइसमध्ये सरसकट 'एक्सेप्शन' पकडणारा हँडलर ठेवला आणि मेथडवर 'प्रीऑथराइझ' लावलं असेल, तर अधिकार नाकारल्याचं एक्सेप्शन कंट्रोलरच्या थरातून येतं, तो सरसकट हँडलर ते गिळतो आणि ४०३ ऐवजी ५०० जातो. त्या एक्सेप्शनसाठी स्वतंत्र हँडलर ठेवा.

फास्टएपीआय. इथे तीन हँडलर लागतात. 'रिक्वेस्टव्हॅलिडेशनएरर'साठी एक. 'एचटीटीपीएक्सेप्शन'साठी एक, आणि तो स्टारलेटच्या (फास्टएपीआय ज्यावर उभं आहे ते फ्रेमवर्क) क्लासवर नोंदवा, फास्टएपीआयच्या नाही. अनोळखी पत्त्याचा ४०४ आणि चुकीच्या मेथडचा ४०५ स्टारलेट फेकतो. फास्टएपीआयचा क्लास हा त्याचा उपवर्ग आहे, त्यामुळे उपवर्गावर नोंदवलेला हँडलर या दोघांना लागत नाही. तिसरा सरसकट 'एक्सेप्शन'साठी, नाहीतर न पकडलेल्या एररला साध्या मजकुरात 'इंटर्नल सर्व्हर एरर' एवढंच जातं.

या तिसऱ्या हँडलरची एक खोड आहे. तो सगळ्या मिडलवेअरच्या (विनंतीच्या वाटेत मधे चालणारा कोड) बाहेरच्या थरात चालतो, म्हणजे कॉर्सच्या (दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला उत्तर वाचू देण्याची परवानगी) मिडलवेअरच्याही बाहेर. परिणामी ५०० च्या रिस्पॉन्सवर कॉर्सची हेडर नसतात. पान आणि एपीआय वेगळ्या डोमेनवर असतील तर ब्राउझर बॉडी वाचूच देत नाही, कन्सोलमध्ये फक्त कॉर्सची तक्रार दिसते, आणि माणूस दोन तास कॉर्सच्या सेटिंग्ज तपासत बसतो. कॉर्स एकाच ठिकाणी, एनजिनएक्सवर हाताळा आणि सर्व्हिसमधून काढून टाका. दोन्हीकडे ठेवलंत तर हेडर दोनदा जाईल आणि तेही ब्राउझर नाकारतो.

एक्सप्रेस. सगळ्या राउटनंतर एक साधं मिडलवेअर ४०४ साठी, आणि त्याच्याही नंतर चार पॅरामीटरचं एरर मिडलवेअर. चौथं पॅरामीटर वापरत नसलात तरी लिहायलाच हवं, पॅरामीटरच्या संख्येवरूनच एक्सप्रेस त्याला एररचं मिडलवेअर म्हणून ओळखतो. लिंटरने (कोड तपासणाऱ्या साधनाने) 'न वापरलेलं' म्हणून ते काढून टाकलं की एरर हाताळणी गुपचूप बंद पडते. एक्सप्रेस ४ असिंक फंक्शनमधलं रिजेक्शन स्वतः पकडत नाही, पाचव्या आवृत्तीपासून पकडतो. चारवर राहायचं असेल तर प्रत्येक असिंक हँडलर अशा फंक्शनमध्ये गुंडाळा की जे रिजेक्शन 'नेक्स्ट'कडे देईल. आणि सर्व्हरवर 'नोड_एन्व्ह' ही व्हेरिएबल 'प्रॉडक्शन' आहे ना ते बघा. नसेल तर मूळ एरर पान पूर्ण स्टॅक ट्रेस बाहेर दाखवतं.

एनजिनएक्स. सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हे. ४१३, ५०२ आणि ५०४ या तीन एरर एनजिनएक्स स्वतः तयार करतो, एचटीएमएलमध्ये. अपलोडची मूळ मर्यादा १ एमबी आहे, म्हणजे खातेदाराच्या कागदपत्रांचा फोटो पाठवला की ४१३ येतो आणि रेट्रोफिटच्या जेसन पार्सरला '<' हे अक्षर भेटतं.

'एरर_पेज' या सूचनेने हे तिन्ही कोड नाव दिलेल्या लोकेशनकडे वळवा, प्रत्येक कोडला वेगळी लोकेशन. तिथे 'डीफॉल्ट_टाइप' प्रॉब्लेम+जेसन, आणि 'रिटर्न' सूचनेत तोच कोड व पूर्ण जेसन मजकूर. 'प्रॉक्सी_इंटरसेप्ट_एरर्स' मात्र बंदच राहू द्या (मुळात ते बंदच असतं). चालू केलंत तर सर्व्हिसने नीट साच्यात पाठवलेली ५०२ किंवा ५०४ ची बॉडीही एनजिनएक्स फेकून स्वतःची लावेल.

तिथली हेडरही तपासा. 'अॅड_हेडर' मूळ रूपात फक्त यशस्वी आणि रीडायरेक्टच्या ठरावीक कोडवर लागतं. ४०० आणि ५०० च्या घरातल्या कोडवरही जायला हवं असेल तर शेवटी 'ऑलवेज' लिहावं लागतं. आणि एखाद्या लोकेशनमध्ये तुम्ही एक जरी 'अॅड_हेडर' लिहिलंत तरी वरच्या पातळीवरची सगळी 'अॅड_हेडर' तिथे लागू होत नाहीत. त्यामुळे एररच्या लोकेशनमध्ये कॉर्सची हेडर पुन्हा लिहा.

४१३ बद्दल आणखी एक: क्लायंट अजून बॉडी पाठवतच असतो तेव्हा एनजिनएक्स उत्तर देऊन जोडणी बंद करू शकतो, आणि क्लायंटला कोडच्या ऐवजी 'जोडणी तुटली' एवढंच दिसतं. म्हणून फोटोचा आकार अॅपमध्येच कमी करा. सर्व्हरच्या साच्यावर त्यासाठी विसंबू नका.

एकच ओळख क्रमांक. एनजिनएक्सकडे 'रिक्वेस्ट_आयडी' नावाची व्हेरिएबल आहे, ३२ हेक्स अक्षरांची. ती हेडरमधून तिन्ही सर्व्हिसना द्या, प्रत्येक लॉगच्या ओळीत लिहा, आणि एररच्या बॉडीत 'ट्रेसआयडी' म्हणून जोडा. एनजिनएक्सच्या स्वतःच्या जेसन मजकुरातही ती व्हेरिएबल थेट घालता येते. हे केलंत तर ५०० च्या 'डीटेल'मध्ये काहीही आतलं सांगायची गरज उरत नाही. एसक्यूएल, टेबलचं नाव, एक्सेप्शनचा क्लास, यातलं काहीही बाहेर जाऊ देऊ नका. एजंटाने क्रमांकाची शेवटची आठ अक्षरं सांगितली तरी लॉगमधून सगळं सापडतं.

---

उत्तर ३: रातराणी

तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे यशस्वी रिस्पॉन्सच्या आवरणावर लिहिते.

एका वस्तूसाठी आवरण नको. खातं मागितलं तर थेट खात्याचा ऑब्जेक्ट द्या. 'सक्सेस' ही की २०० ची पुनरुक्ती आहे, आणि 'मेसेज'मध्ये 'यशस्वी' लिहून कुणाचंच काही भलं होत नाही. यादीसाठी मात्र आवरण हवंच. वरच्या पातळीवर नुसती यादी दिलीत तर पुढे पानांची माहिती जोडायला जागा राहत नाही, आणि जोडायला गेलात तर सगळे क्लायंट तुटतात. 'आयटम्स' आणि 'नेक्स्टकर्सर' या दोन की पुरेत. पुढचं पान नसेल तर 'नेक्स्टकर्सर' नल. यादी रिकामी असेल तर रिकामी यादीच द्या, नल नको आणि ४०४ तर नकोच.

'टोटल' मागणारे बरेच भेटतील. पोस्टग्रेसवर मोठ्या टेबलात पूर्ण मोजणी महाग असते, कारण कुठली ओळ या व्यवहाराला दिसते हे तपासत जावं लागतं. ज्या पडद्याला खरोखर आकडा लागतो त्यालाच वेगळ्या पॅरामीटरने द्या.

व्यवहारांच्या यादीला ऑफसेट ('वरच्या इतक्या नोंदी सोडून पुढच्या द्या') वापरू नका. दुसरं पान मागेपर्यंत वर चार नव्या वसुल्या आल्या तर पहिल्या पानाच्या शेवटच्या चार नोंदी पुन्हा दिसतात, आणि एजंटाला वाटतं पैसे दोनदा पडले. त्याऐवजी कर्सर (शेवटच्या दिसलेल्या नोंदीची खूण) वापरा आणि त्यात वेळ आणि आयडी दोन्ही ठेवा. एकाच क्षणी दोन नोंदी असतील तर नुसत्या वेळेने एखादी गळते.

आता मूल्यांबद्दल, कारण साचा एक असून आतली मूल्यं वेगवेगळी असतील तर तो एकसारखेपणा वरवरचाच.

रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून. १२५.५० रुपये म्हणजे १२५५०. अपूर्णांकात दिली तर जावास्क्रिप्टमध्ये बेरजा बिघडतात. शिवाय तुमच्या फास्टएपीआय सर्व्हिसमध्ये दशांश मूल्य पायडँटिक (फास्टएपीआयची डेटा तपासणारी लायब्ररी) १ वर जेसनमध्ये संख्या म्हणून जातं आणि २ वर मजकूर म्हणून. म्हणजे लायब्ररीची आवृत्ती बदलली की रिस्पॉन्सचा प्रकार बदलला. पूर्णांक पैशांना हा धोका नाही.

६४ बिटांचे आयडी मजकूर म्हणून पाठवा. जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक अचूक धरू शकत नाही. शेवटचे अंक बदलतात, एरर येत नाही, आणि दुसऱ्याच खात्याचं पान उघडतं.

वेळ आरएफसी ३३३९ प्रमाणे, ऑफसेटसकट (इथे यूटीसीपासूनचा फरक). स्प्रिंगमधला 'लोकलडेटटाइम' ऑफसेट देत नाही, त्याऐवजी 'ऑफसेटडेटटाइम' किंवा 'इन्स्टंट' वापरा. पण व्यवहाराची तारीख ही वेळ नव्हे, ती नुसती तारीख म्हणूनच पाठवा. १ एप्रिलची मध्यरात्र यूटीसीत ३१ मार्च, १८:३० होते. ते मूल्य कुणी फक्त तारखेपुरतं कापलं तर व्यवहार मागच्या आर्थिक वर्षात जातो, आणि अहवाल सर्व्हिस हे बेमालूम करेल.

---

खातेवही_डेव्ह

फार उपयोगी. दोन शंका. एक, ५०४ आला पण वसुली मागे नोंदली गेली, असं होतं. साचा त्यात काय करणार? दोन, जुन्या अॅपचा प्रश्न अजून उरलाय. तिथे 'सक्सेस फॉल्स' वाचणारा कोड आहे, त्याला ४२२ दिला तर काय होईल?

---

उत्तर ४: कवडसा

पहिली शंका: एनजिनएक्स मूळ सेटिंगमध्ये सर्व्हिसकडून ६० सेकंद काहीच आलं नाही की ५०४ देतो. स्प्रिंगला ते कळत नाही, तो आपलं काम पुरं करून डेटाबेसमध्ये नोंद पक्की करतो. म्हणून ५०४ चा अर्थ 'झालं नाही' असा कधीच घ्यायचा नाही, 'माहीत नाही' असा घ्यायचा. वसुलीच्या विनंतीसोबत अॅपने स्वतः तयार केलेला यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) 'आयडेम्पोटन्सी-की' हेडरमध्ये (तीच विनंती पुन्हा आली हे ओळखायची खूण) पाठवावा, आणि रिट्रायला तोच ठेवावा. सर्व्हरवर त्या कीवर युनिक इंडेक्स, आणि कीची ओळ वसुलीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिलेली. वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिलीत तर मधेच सर्व्हिस पडल्यावर की आहे पण वसुली नाही, अशी स्थिती उरते. तीच की पुन्हा आली तर पहिल्या वेळचा रिस्पॉन्स जसाच्या तसा द्या. पहिली अजून चालू असेल तर ४०९. तीच की पण रक्कम वेगळी असेल तर ४२२, आणि या दोन्हींना स्वतःचे वेगळे 'टाइप'. अॅपने या ४०९ वर थांबून पुन्हा विचारायचं असतं, या ४२२ वर कधीच नाही.

दुसरी शंका: रेट्रोफिट २०० च्या घराबाहेरचा कोड आला की तुमचा कन्व्हर्टर चालवतच नाही. बॉडी नल येते आणि मजकूर 'एररबॉडी'त असतो. जुन्या अॅपमध्ये नल तपासलेलं नसेल तर ते सरळ कोसळेल. म्हणून सगळ्यांना एकदम नवं देऊ नका.

नव्या अॅपने 'अॅक्सेप्ट' हेडरमध्ये साध्या जेसनसोबत प्रॉब्लेम+जेसनही पाठवावं. सर्व्हरने ते दिसलं तर नवा साचा आणि खरा कोड, नाही दिसलं तर जुना २०० वाला. हा निर्णय कंट्रोलरमध्ये पसरू देऊ नका, अॅडव्हाइसमध्ये एकाच जागी ठेवा. रिस्पॉन्सवर 'व्हॅरी: अॅक्सेप्ट' हेडर लावा, नाहीतर मधला कॅशे एकाचा साचा दुसऱ्याला देईल. जुन्या रूपातल्या रिस्पॉन्सवर 'डेप्रिकेशन' आणि 'सनसेट' ही हेडर लावा. दोन्हींत तारीख असते, पण लिहिण्याची रीत वेगळी. 'सनसेट'मध्ये एचटीटीपीची नेहमीची तारीख, 'डेप्रिकेशन'मध्ये '@' नंतर युनिक्स सेकंद. ही हेडर अॅप वाचत नसलं तरी एनजिनएक्सच्या लॉगमध्ये ती नोंदवा, म्हणजे जुन्या रूपावर रोज किती विनंत्या येतात ते मोजता येतं. तो आकडा बघूनच बंद करण्याची तारीख ठरवा.

नव्या कोटलिन कोडसाठी एकच सूचना: 'एररबॉडी'चा मजकूर एकदाच वाचता येतो. लॉग करणाऱ्या कोडने आधी वाचला तर पार्सरला रिकामी ओळ मिळते. एकदा वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवा. आणि पार्स करण्याआधी कंटेंट टाइप बघा. प्रॉब्लेम+जेसन नसेल तर पार्सिंगच्या वाटेला न जाता फक्त कोडवरून सर्वसाधारण संदेश दाखवा. मोबाइल कंपनीचं किंवा हॉटेलच्या वायफायचं लॉगिन पान मधेच येतं तेव्हा हीच तपासणी वाचवते.

मराठी मजकुराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण एजंटांसाठी तो लागणारच. संदेश अॅपमध्ये 'टाइप'प्रमाणे ठेवा आणि अनोळखी 'टाइप' आला तर सर्व्हरचं 'टायटल' दाखवा. सर्व्हरने 'अॅक्सेप्ट-लँग्वेज' पाहून ते मराठीत द्यावं. 'टाइप'चं मूल्य मात्र कुठल्याही भाषेत तेच.

---

उत्तर ५: तिसरी_घंटा

हे टिकवण्यासाठी चाचणी सर्व्हिसच्या आत नको, बाहेरून, एनजिनएक्समधून जाणारी हवी. आतल्या युनिट टेस्टना मी वर लिहिलेल्या वाटांपैकी निम्म्या दिसतच नाहीत.

प्रत्येक सर्व्हिसवर या विनंत्या चालवा: नसलेला पत्ता, चुकीची मेथड, अर्धवट तुटलेलं जेसन, जेसनच्या जागी साधा मजकूर, २ एमबीची बॉडी, टोकनशिवाय, संपलेलं टोकन, दुसऱ्या शाखेचं टोकन, सर्व्हिस बंद ठेवून, आणि मुद्दाम ७० सेकंद झोपणारा एन्डपॉइंट (फक्त चाचणीच्या सर्व्हरवर). प्रत्येक उत्तरावर तेच पाच प्रश्न: कंटेंट टाइप प्रॉब्लेम+जेसन आहे का, बॉडीतला 'स्टेटस' खऱ्या कोडशी जुळतो का, 'टाइप' ठरलेल्या यादीतलाच आहे का, 'ट्रेसआयडी' लॉगमध्ये सापडतो का, आणि 'ओरिजिन' हेडर पाठवल्यावर कॉर्सचं हेडर परत येतं का.

'टाइप'ची यादी ओपनएपीआयच्या (एपीआयचं वर्णन लिहिण्याची पद्धत) फाइलमध्ये एनम म्हणून एकाच जागी ठेवा आणि तिन्ही सर्व्हिसच्या फाइलनी तिचा संदर्भ घ्यावा. प्रत्येक एन्डपॉइंटला 'डीफॉल्ट' रिस्पॉन्स म्हणून हाच प्रॉब्लेमचा स्किमा जोडा, आणि तो नसेल तर बिल्ड पाडणारा नियम स्पेक्ट्रलमध्ये (अशा फाइल तपासणारं साधन) लिहा. फास्टएपीआय आपल्या फाइलमध्ये ४२२ चा स्वतःचा जुना स्किमा आपोआप टाकतो, तुम्ही हँडलर बदललात तरी. अॅपच्या पातळीवर 'रिस्पॉन्सेस'मध्ये ४२२ स्पष्ट दिला की तो हटतो. नाही हटवला, तर त्या फाइलवरून तयार होणारा कोटलिनचा क्लास चुकीचा निघेल आणि चुकीचा पार्सर पुन्हा अॅपमध्ये शिरेल.